बिस्किटाची माफी

बिस्किट मोडलं की जुई त्याची माफी मागायची.
दोन्ही तुकडे बशीत जवळजवळ ठेवायची
आणि मग खायचीच नाही.
चार वर्षांची पोर.
आम्ही हसायचो. फोनवर मिरजेला सांगायचो,
केवढी गुणी आहे बघा.

ऑक्टोबरात तिनं खेळातली सगळी जनावरं
भिंतीकडे तोंड करून झोपवली.
"त्यांना उठायचं नाहीये."
शाळेतून चिठ्ठी आली,
आणि जो शब्द मी आजवर
नोकरी गेलेल्या, जोडीदार गेलेल्या माणसांसाठी राखून ठेवला होता
तो डॉक्टरांनी साडेपंधरा किलोच्या मुलीपुढे लिहिला.
मृण्मयी म्हणाली, एवढ्याशा जिवात मावतं कुठं हे.

सेंट लुइसमधली लाल विटांची इमारत, दुसरा मजला.
मी पोटासाठी लिफ्टचे ब्रेक तपासतो;
सवयीनं तिथल्याही लिफ्टचा आवाज ऐकला. बरा होता.
खोलीत गालिचा, ठोकळे आणि एक आरसा.
आरशापलीकडे कॉरीन,
तिचा आवाज माझ्या उजव्या कानात
शेंगदाण्याएवढ्या यंत्रातून.

"प्रश्न नको. ती जे करतेय, तेवढंच बोला.
तुमच्या भाषेत बोला."

सोपं वाटलं. पाच मिनिटांत घाम फुटला.
आमची सगळी माया प्रश्नार्थक:
जेवलीस का, दमलीस का, आवडलं का,
कुणी काही बोललं का, माझ्याकडे बघशील का.
त्या आकड्यानंच तर आम्ही मुलांना जवळ ओढतो.
कॉरीनला मराठीचं अक्षर कळत नाही,
पण सूर वर गेला की कानात टकटक:
"हा प्रश्न होता."
मग तोंडात जे उरलं ते पाढ्यांसारखं:
जुईनं निळा ठोकळा घेतला.
जुईनं निळ्यावर पिवळा ठेवला.
जुई थांबली.
"काय म्हणालात कळलं नाही," कान म्हणाला,
"पण तुमचे खांदे खाली आलेत."

सातव्या आठवड्यात तिला द्यायला
साबणाच्या फुग्यांची बाटली मिळाली,
मुद्दाम घट्ट बसवलेल्या झाकणाची.
जुईनं पिरगाळलं. दातांनी धरलं. मग बाटली आडवी ठेवली,
भिंतीकडे तोंड करून.
माझे हात शिवशिवले, खिशात पकड होतीच.
"दुरुस्त करू नका. शेजारी बसा. नाव द्या त्याला."

काय नाव देऊ.
दुःख फार मोठं, तिला चार मापं सैल.
उदास म्हणजे दिवाळी अंकातला शब्द.
मग कुठून तरी आत्याचा आवाज आला,
चिंचोक्यांचा डाव हरल्यावर ती म्हणायची तसा.
"जुई खट्टू झालीय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं.
"खूप खट्टू," ती म्हणाली,
आणि कित्येक महिन्यांनी भोकाड पसरलं,
अगदी शेजारपाजार गोळा होईल असं.
मी पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.
कानात कॉरीन काही बोलली नाही.
तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बरी झाली असं लिहायला माझी लेखणी अजून धजत नाही.
काही सकाळी जनावरं भिंतीकडेच असतात,
आणि मृण्मयी त्यांच्यामागे पाच मिनिटं आडवी होते,
जुईसुद्धा, तिच्या पोटाला पाठ लावून.

पण काल दारात, बर्फाचे बूट चढवताना,
मला उशीर झालेला, बोटं गारठलेली,
ती पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.
"बाबा नाडी बांधतोय," ती म्हणाली.
"बाबाची गाठ सुटली.
बाबा चिडलाय थोडासा.
बाबा परत बांधतोय."
तिच्या हातातलं बिस्किट मोडलं.
अर्धं तिनं खाल्लं.
अर्धं माझ्या बुटावर ठेवलं.